ओहायोच्या बाईचं गाऱ्हाणं

अमेरिकेने आपल्या मालावरची ड्यूटी पन्नास टक्क्यांवर नेली आणि ती लागू झाली नेमकी गणेश चतुर्थीला. तिकडे पंचांग बघत नाहीत, असं जयदेवने सकाळी अंबरनाथच्या घरात पाऊल टाकताच जाहीर केलं. बघत असते तरी हाच मुहूर्त काढला असता, असंही वर जोडलं, कारण या धोरणाला त्याचा पाठिंबा होता.

जयदेव घाडी, आण्णांचा थोरला मुलगा, राहायला बदलापूरला, कात्रपला. विमा कंपनीतून वेळेआधी निवृत्त झाल्यापासून तो कानात इअरफोन घालून अमेरिकेच्या राजकारणात राहत होता, कात्रपला फक्त जेवायला आणि झोपायला येत होता. कुठल्या राज्याचा सिनेटर कधी फिरला, हे त्याला तोंडपाठ. आपल्या बिल्डिंगीत पाणी कोणत्या वारी येत नाही, हे मात्र त्याला बायकोला, म्हणजे वेणूवहिनींना, विचारावं लागे.

नूतन स्वयंपाकघरात मोदकांच्या पाऱ्या करत होती. थोरल्या दिरांचा पाठिंबा तिला तिथपर्यंत ऐकू आला. ड्यूटी ज्या मालावर बसली होती तो माल घरामागच्या शेडमध्ये खोक्यांत भरून पडला होता आणि ती शेड नूतन चालवत होती. दादांचं यात वैयक्तिक काही नव्हतं. ते तत्त्वाने बोलत होते. तत्त्वाने बोलणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत हे बघायला सवड नसते.

आण्णा कामाला होते ती कंपनी बंद पडली त्या वर्षी विठाआईंनी, म्हणजे नूतनच्या सासूबाईंनी, त्या शेडमध्ये एक मशीन टाकून परकर शिवायला घेतले होते. शिवमंदिराच्या रस्त्याला आतल्या बाजूला पत्र्याची शेड, दारात पेरूचं झाड. विठाआई गेल्या, पेरू राहिला, मशिनी वाढल्या. आता तिथे आसपासच्या चौदा बायका डेनिमचे एप्रन शिवत. कापड उल्हासनगरच्या हिरोशेटकडून येई. एप्रन जात ओहायो राज्यातल्या शॅरन नावाच्या बाईच्या दुकानात. तिकडे अंगणात मांस भाजायची पद्धत आहे आणि ते भाजताना पुरुष एप्रन घालतात. एरवी ते स्वयंपाकाकडे फिरकत नाहीत, असं शॅरनने एकदा लिहिलं होतं. तेव्हापासून अमेरिका आपल्याला समजली आहे, असं नूतनला वाटे.

त्याच शॅरनची ईमेल काल आली होती. नूतनने ती इतक्यांदा वाचली होती की डोळ्यांसमोर मराठीतच दिसत होती. 'नूतन, माल तूर्त थांबव. माझ्या टीव्हीवर सांगतात, ही ड्यूटी तुमचा देश भरणार. माझा कस्टमचा माणूस सांगतो, मी भरायची. माझा नवरा म्हणतो, टीव्हीवाले कशाला खोटं बोलतील. तू आजवर मला वाकडी शिवण पाठवली नाहीस, म्हणून तुलाच विचारते. खरं काय आहे? बुधवारी सकाळी मी दुकानात असेन. तोवर उत्तर आलं नाही, तर हा माल सोडून देईन.'

आज बुधवार होता. ओहायोची सकाळ म्हणजे अंबरनाथची संध्याकाळ. आणि संध्याकाळीच तिन्ही भाऊ शेडचं काय करायचं ते ठरवणार होते, कारण घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीला गोदामासाठी जागा हवी होती. त्यांचा माणूस उद्या येऊन होकार घेऊन जाणार होता. त्याला आणलं होतं जयदेवने.

"नूतन, राग धरू नकोस हां," वेणूवहिनी सारण भरता भरता म्हणाल्या. "घरबसल्या भाडं येईल. तुलापण आराम."

"मला आराम कुणी मागितलाय, वहिनी?"

"मी मागितलाय. तुझ्या नावाने." वहिनींनी मोदकाचं टोक चिमटीत धरून वळवलं. "खरं सांगू? मला भाड्याचंही पडलेलं नाही. पण ते घ्यायला, बघायला, भांडायला तरी हे महिन्यातून एकदा घराबाहेर पडतील. दिवसभर गॅलरीत बसून इंग्लिशमधे हसतात गं. परवा कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी म्हटलं गॅस बंद करा, तर म्हणतात थांब, सिनेटमधे मतदान चाललंय."

नूतन हसली नाही, पण पारी फाटली.

"म्हणजे दादांना काम हवंय," ती म्हणाली.

"त्यांना नकोय. मला हवंय, त्यांच्यासाठी."

"आमच्याकडे इंग्लिशमधे पत्रं लिहायचं काम पडलेलं असतं," नूतन म्हणाली. "मी लिहिते, पण माझं सगळं तीन ओळीत संपतं. त्या बायर लोकांना आधी हवापाण्याचं विचारायला लागतं."

वहिनींचा हात थांबला. त्यांनी मोदक ताटात ठेवला आणि नूतनकडे, मग खिडकीतून शेडकडे, मग बाहेरच्या खोलीत चढलेल्या नवऱ्याच्या आवाजाकडे बघितलं. पुढचा मोदक त्यांनी जरा घाईने वळला.

---

संध्याकाळी सगळे मखरासमोर जमले. न्यू जर्सीतला धाकटा दिपेश फोनवर होता आणि फोन समईच्या अलीकडे तांब्याला टेकवून ठेवला होता. त्याच्याकडे कामाचा दिवस उजाडलेला. वर झब्बा, खाली हाफ पँट, आणि समोर दुसऱ्या स्क्रीनवर त्याच्या बँकेची मीटिंग, असं तो देव आणि बँक एकदम सांभाळत होता. त्याचा आवाज नेहमी दोन श्वास उशिरा पोचे, त्यामुळे घरच्यांना तो विचारी वाटू लागला होता.

"दिपू," जयदेवने सुरुवात केली, "तिकडे टॅरिफवर लोक काय म्हणतायत?"

थोडा वेळ गेला. "इकडे कोणी काय बोलत नाही रे दादा. शेजारचा अंड्यांच्या भावावर बोलतो. नाहीतर मग लॉनवर."

"ते तुझे शेजारी झाले. देशाचा मूड वेगळा आहे."

"दादा, मी इथे राहतो."

"म्हणूनच तुला दिसत नाही."

जयदेवची मुलगी जिज्ञासा उल्हासनगरच्या कॉलेजात मास मीडिया शिकत होती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि याच वाक्याची वाट बघत होती.

"बाबा, तुम्ही बघता तो चॅनेल बायस्ड आहे."

"आणि तू बघतेस तो?"

"तोपण आहे. पण मला माहितीये की तो आहे."

"मग माझा बरा," जयदेव म्हणाला. "मला माहीत नाही, त्यामुळे शांत झोप लागते."

"लगता है आपको," ती म्हणाली. "आई सांगते, झोपेत पण भाषण देता."

मिलिंद, नूतनचा नवरा, दोघांकडे आळीपाळीने मान हलवत होता. त्याला कायम दोन्ही बाजूंचं पटे. सरकारी नोकरीत हा गुण मानतात, घरात त्याचा उपयोग पंख्याइतका होतो: वारा सगळ्यांना लागतो, पण कुणाची बाजू भक्कम होत नाही. शेडच्या बाबतीत गेल्या आठवड्यात तो नूतनला म्हणाला होता, तुझं बरोबर आहे. त्याच दिवशी फोनवर दादाला म्हणाला होता, तुझंही चूक नाही.

"नूतन, तू मनाला लावून घेऊ नकोस," जयदेव तिच्याकडे वळला. "पण बघ. त्यांचे कारखाने बंद पडले. गावंच्या गावं ओस पडली. आपण नाही का बाहेरच्या गाड्यांवर ड्यूटी लावत? तेव्हा आपण म्हणतो देश आधी. त्यांनी म्हटलं की लगेच अन्याय?"

नूतनला यातलं बरंच पटलं, हीच अडचण होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या घरातच ती सून होऊन आली होती. दादा मूर्ख असते तर किती बरं झालं असतं.

"पण बाबा, एप्रनचा कारखाना तिकडे आहेच कुठे वाचवायला?" जिज्ञासाने विचारलं.

"येईल."

"कधी?"

"धोरणाला वेळ लागतो."

"काकीकडे जेवणापर्यंत वेळ आहे."

"जिज्ञा, तो तुझा चॅनेल बोलतोय तुझ्या तोंडून."

"नाही बाबा, माझा चॅनेल एप्रनवर एक शब्द बोललेला नाही. तुमचापण नाही. दोघेही तुमच्या त्या अध्यक्षांच्या टायच्या लांबीवर बोलतायत."

"दादा," नूतन म्हणाली, "गेल्या वर्षी तिकडच्या निवडणुकीला शॅरनने दोन प्रकारचे एप्रन मागवले होते, आठवतं? एकावर हत्ती, एकावर गाढव. आत्ताच्या खोक्यांतही तेच आहेत. त्यांच्या दोन पक्षांची निशाणी."

"हत्ती आपलाच," जयदेवने मखराकडे बघून हात जोडले. त्याच्या राजकीय भूमिकेचा उगम इथेच असावा, असा वेणूवहिनींना जुना संशय होता.

"तुमचा चॅनेल म्हणत होता, लाट आहे. हिचा म्हणत होता, काट्याची टक्कर आहे. आमच्याकडे दर गाढवामागे दोन हत्ती शिवले जात होते. आमच्या कौसाबाई मशीनवर बसल्या बसल्या म्हणाल्या, बाई, गाढव पडतंय."

"काकी, ते फक्त ओहायो होतं," जिज्ञासा म्हणाली. "सॅम्पल बायस."

"असेल. पण आम्हाला कुणाला निवडून आणायचं नव्हतं. दोन्हीला शिवण सारखीच पडत होती."

जयदेवला हे आवडलं, कारण निकाल त्याच्या बाजूचा होता. जिज्ञासालाही आवडलं, कारण दृष्टिकोन तिचा होता. क्षणभर दोघंही नूतनच्या बाजूला आल्यासारखी दिसली. मग जयदेवला आठवलं की आपण शेड भाड्याने द्यायला आलो आहोत.

आण्णा इतका वेळ पाटावर बसून मोदक खात होते. त्यांना ब्याऐंशी वर्षं झाली होती आणि ते दातांनुसार बोलत. कवळी असली तर गोडाचं, नसली तर मुद्द्याचं. आत्ता त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली.

"एक सांगा माका," ते म्हणाले. "ही पन्नास टक्के भरतलो कोण?"

"तेच तर, आण्णा. भारत भरणार," जयदेव म्हणाला.

"नाही, अमेरिकेतले लोक भरणार," जिज्ञासा म्हणाली.

नूतनने फोन काढला आणि शॅरनची ईमेल मोठ्याने वाचून दाखवली, आधी इंग्रजीत, मग आण्णांसाठी मराठीत. शॅरनच्या नवऱ्याच्या वाक्याला जयदेवने मान डोलावली. "शहाणा माणूस आहे," तो म्हणाला.

तांब्यापाशी दिपेशचा चेहरा हलला आणि आवाज मागून आला. "दादा, भरतो तो इकडचा. ज्याने माल मागवला तो. पोर्टवर. मी बँकेत ह्याच फाइली बघतो."

"तुझी बँक कोणत्या बाजूची?"

"दादा, बँक आहे ती."

"मालक कोण, ते बघ एकदा."

"आधी शॅरन भरते," नूतन म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले, कारण ती हळू बोलली होती. "मग ती एक तर गिऱ्हाइकाकडे वळते, नाहीतर माझ्याकडे, की तू भाव पाड. म्हणजे थोडं सगळ्यांनाच लागतं. दादा, तुमच्या टीव्हीत अर्धं आहे आणि जिज्ञाच्या टीव्हीत अर्धं. शॅरनला पूर्ण पाहिजे, म्हणून तिने मला विचारलंय. मी आज तिला नीट उत्तर दिलं तर कदाचित माल जाईल. पण तुम्ही उद्या शेड देणार असाल, तर मी काय लिहू? की उत्तर हे आहे, पण विचारायला आता कुणी उरणार नाही?"

मिलिंद म्हणाला, "बरोबर आहे." मग सवयीने दादाकडे वळला, आणि पहिल्यांदाच पुढचं वाक्य गिळलं. नूतनने ते बघितलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर एवढंही पुष्कळ असतं.

"आरतीनंतर ठरवू," जयदेव म्हणाला. म्हणजे आरतीनंतर मी ठरवीन.

---

घाड्यांच्या घरी आरतीनंतर गाऱ्हाणं असतं. गावाकडे हे घराण्याचं कामच होतं: देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं, काय हवं, काय नको, कुणाचं काय दुखतंय. एकेका वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. अंबरनाथला येऊन साठ वर्षं झाली तरी आण्णांनी हे सोडलं नव्हतं; गल्लीतले इतर कोकणवालेही त्यांना बोलावून नेत. घरात एक नियम होता. ज्याला घराने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, ते पुढच्या चतुर्थीपर्यंत मोडायचं नाही. मिलिंद दहा वर्षांचा असताना आण्णा देवाला म्हणाले होते, मधलो ह्या वर्साक सायकल मागूचो नाय. मिलिंदने बेसावधपणे होकार भरला आणि वर्षभर चालत शाळेत गेला. माणूस दोन्ही बाजूंचा झाला तो त्या वर्षी, असं नूतनचं मत होतं.

आरती संपली आणि जिज्ञासाने कापूर विझण्याआधीच सांगितलं, "आण्णा, आज गाऱ्हाण्यात टॅरिफ घ्या. अन्यायी टॅरिफ असं म्हणा."

"अजिबात नाही," जयदेव म्हणाला. "अन्यायी म्हणजे आपण आधीच निकाल दिला. देवासमोर एक बाजू मांडायची नाही. गाऱ्हाण्यात बायस नको."

"मग काय म्हणायचं? 'काही लोकांच्या मते अन्यायी'?"

"सुधारित जकात धोरण म्हण."

"बाबा, देवाला झोप येईल."

"निदान अध्यक्षांचं नाव तरी घेऊ नका. परदेशी माणूस आहे, उद्या कुणी व्हिडिओ टाकला म्हणजे?"

"नाव नको, पण सुबुद्धी मागू या त्यांना," वेणूवहिनी म्हणाल्या.

"सुबुद्धी मागितली म्हणजे आत्ता नाही असा अर्थ होतो," जयदेवने हरकत घेतली. "मागायची तर विरोधी पक्षालाही मागा."

तांब्याकडून आवाज आला, "मला पाच मिनिटांत मीटिंग आहे." तो बहुधा आधीच्या कुठल्यातरी मुद्द्यावर होता.

आण्णा सगळ्यांचं ऐकून घेत होते. वाद चालू असताना वेणूवहिनी त्यांना पाणी द्यायला वाकल्या आणि जरा जास्त वेळ वाकून राहिल्या. आण्णा पाणी प्यायले, त्यांनी कवळी तोंडात घातली, पुन्हा काढली, आणि नारळ हातात घेऊन उभे राहिले. सगळे आपोआप उभे राहिले. जयदेव सगळ्यात पुढे. त्याचा आवाज घरात मोठा. 'व्हय म्हाराजा' लहानपणापासून तोच सुरू करी आणि बाकीचे त्याच्यामागे जात. आण्णांचा श्वास जिथे तुटतो तिथे त्याचा होकार बसलेलाच असे. या कामाचा त्याला अभिमान होता.

"बा देवा गणपती म्हाराजा," आण्णांचा आवाज बसका होता, पण खोली भरून राहिला.

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. जा काय गोडधोड केला ता मान्य करून घे. चुकला-माकला पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"थोरलो बदलापुरात आसा, मधलो हय आसा, धाकटो दर्यापलीकडे आसा. तिघांची तोंडा तीन दिशेक. पण घर एक आसा, ता एकच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

"अमेरिकेच्या राजाक सुबुद्धी दे. तेच्या विरोधकांकाय दे. ह्या बाजूच्या टीव्हीवाल्यांक दे, त्या बाजूच्यांकय दे. कमी पडली तर आमच्यातली घे, पण सगळ्यांका सारखी दे."

"व्हय म्हाराजा." बाप-लेकीने एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही आपला मुद्दा आल्यासारखं वाटलं.

"थय ओहायोत शॅरन म्हणान एक बाई आसा. तिच्या दुकानाक बरकत दे. तिच्या घोवाक समज दे."

"व्हय म्हाराजा," वेणूवहिनी सगळ्यांच्या वर म्हणाल्या.

आण्णांची लय आता लागली होती. नूतन डोळे मिटून होती. आत शेडमधल्या खोक्यांचा विचार, बाहेर उदबत्ती. ओहायोत आता दुकानाचं कुलूप उघडत असेल.

"विठान मशीन मांडलेली ती शेड आमच्याच हातान चालू ऱ्हवांदे, आणि थोरल्यान आपली विंग्रजी थय कामाक लावूची, इतकी तेका बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा," जयदेव म्हणाला.

त्याच्यामागे सगळे म्हणाले. मिलिंद सगळ्यात स्पष्ट, कुणाकडेही न बघता. मग खोलीत शांतता झाली, कारण काय बोललो ते एकेकाच्या कानापर्यंत पोचत होतं. जयदेवचं तोंड अजून उघडंच होतं. त्या शांततेत दोन श्वासांनी, तांब्याला टेकलेल्या फोनमधून, न्यू जर्सीहून एकट्याचा खणखणीत आवाज आला:

"व्हय म्हाराजा."

आणि त्याच्या मागे, दुसऱ्या स्क्रीनवरून, एका अमेरिकन बाईचा: "सॉरी, दिपेश?"

जिज्ञासा ओढणी तोंडावर धरून भिंतीकडे वळली. दिपेशने घाईने काहीतरी दाबलं आणि तो गोठला, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.

"आण्णा," जयदेव म्हणाला, "मी सवयीने म्हटलं."

"देवाक खय कळता, सवयीन की मनान."

"पण असं न सांगता, मधेच घालणं म्हणजे... हे वाचायला न देता सही घेण्यासारखं झालं."

"तू विमो विकी होतस," आण्णा पाटावर टेकत म्हणाले. "तेव्हा लोक वाचून सही करीत?"

इतक्या वर्षांच्या वादविवादात जयदेवने एकही मुद्दा सोडला नव्हता. या वेळी त्याने गणपतीकडे बघितलं. हत्ती त्याचाच होता. देवासमोरचा शब्द मोडायचा म्हणजे त्याला पक्ष बदलण्यासारखं होतं.

"पुढच्या चतुर्थीपर्यंत," तो म्हणाला.

"तवसर बघू," आण्णा म्हणाले, आणि नारळ फोडायला मिलिंदकडे दिला.

---

पत्र जयदेवनेच लिहायला घेतलं. बुद्धी मागितलीच आहे तर ती आजपासूनच लागू, असं वेणूवहिनींनी सुचवलं आणि त्याचे इअरफोन उचलून आपल्या पर्समध्ये टाकले. त्याने पहिला मसुदा केला त्यात अठराव्या शतकातल्या जकातीपासून सुरुवात होती. नूतनने अठरावं शतक काढलं. त्याने एकोणिसावं घातलं. तेही निघालं. हवापाण्याची चौकशी मात्र तिने राहू दिली. शेवटी जे गेलं ते असं होतं: ड्यूटी तू भरायचीस, शॅरन, बंदरावर, तुझा कस्टमचा माणूस खरं सांगतो. तुझा टीव्ही चुकला, आणि माझ्या दिरांचाही. मी भाव थोडा कमी करते, तू थोडा वाढव, पुढचं पुढे बघू. आणि मग दादांचं एक वाक्य, ज्यासाठी ते कंबर कसून बसले होते आणि जे नूतनने दोनदा वाचून तसंच ठेवलं: 'प्रत्येकाला आपला कारखाना जपायचा हक्क आहे. आमचा घराच्या मागे आहे.'

पानं वाढली गेली. आमटी-भात झाला, मोदक झाले. दिपेश पुन्हा लागला आणि म्हणाला की ऑफिसात सगळे विचारतायत ते काय होतं, आणि आता टीममध्ये दोघंजण कामाला होकार द्यायचा तर तसंच म्हणतात. जयदेवने त्यावर अमेरिकेतल्या सांस्कृतिक बदलाविषयी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नूतनचा फोन वाजला.

ती फोन घेऊन उठली आणि मागच्या दाराने शेडकडे गेली. पेरूखाली उभं राहून तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

शॅरनने लिहिलं होतं, अर्धा माल पाठव. सगळा झेपणार नाही, पण अर्धा झेपेल. भावफलकावर मी ड्यूटी वेगळी लिहिणार आहे, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल कोण काय भरतं. नवऱ्याला तुझ्या दिराचं ते वाक्य वाचून दाखवलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. आणि हत्ती, गाढव दोन्ही घाल. पुढच्या वर्षी इथे परत निवडणूक आहे, आणि माझ्या गावात एकाच घरात दोन्ही लागतात.

नूतनने शेडचं दार उघडलं, दिवा लावला. आज मशिनींना सुट्टी होती, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट आणि एक जास्वंद. भिंतीजवळची खोकी तशीच होती. अर्धी जायची म्हणजे अर्धी राहायची. त्यांचं काय करायचं, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. हिरोशेट परवा म्हणत होता, "भाभी, इधर भी तो लोग खाना पकाते हैं," आणि तेव्हा तिला त्याचा राग आला होता. आता तितका आला नाही.

मागे पावलं वाजली. जयदेव दारात उभा होता, हातात अर्धा मोदक, कान मोकळे असल्यामुळे जरा गोंधळलेला. आईच्या मशीनवरचं फूल सरकलं होतं, ते त्याने नीट केलं. मग फोन काढून गोदामवाल्याला दोन वाक्यांत सांगितलं की उद्या येऊ नका, घरात ठरलं. कुणी ठरवलं, असं पलीकडून विचारलं असावं. "सगळ्यांनी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणते तुझी शॅरन?"

नूतनने वाचून दाखवलं. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, तिथे जयदेवने दोनदा मान हलवली आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तो खोक्यांपाशी गेला, एकावर हत्तीची खूण होती, एकावर गाढवाची.

"दादा, अर्ध्यात कुठले जास्त घालू? हत्ती?"

जयदेवने उरलेला मोदक तोंडात टाकला, हात रुमालाला पुसले आणि गाढवाचं खोकं ओढून हत्तीच्या शेजारी, अगदी त्याच्या रेषेत लावलं.

"सारखे घाल," तो म्हणाला. "आपल्याकडून बायस नको."

"व्हय म्हाराजा," नूतन म्हणाली, आणि पहिलं खोकं उघडलं.